पूर्ण म्हणू दिलं त्याला

रात्री उशिरा मी आणि मावशी तिच्या पलंगावर टॅब उशीला टेकवून एक कोरियन कार्यक्रम बघत बसलो होतो. ‘आय कॅन सी युवर व्हॉइस’ नावाचा. एक नामवंत गायक पाहुणा म्हणून येतो, समोर ओळीनं अनोळखी माणसं उभी असतात, त्यांतली काही खरोखर सुरेल आणि काही ठार बेसूर. कोणाचाही आवाज न ऐकता, केवळ बघून, पाहुण्यानं बेसुरांना एकेक करून बाहेर काढायचं आणि शेवटी जो उरेल त्याच्याबरोबर मंचावर युगुलगीत गायचं. त्या रात्री उरला होता एक शांत चेहऱ्याचा, जरासा संकोची माणूस. पाहुण्यानं पहिली ओळ म्हटली, वाद्यं थोडी खाली आली, त्या माणसानं डोळे मिटले, माइक हनुवटीपाशी नेला, आणि त्याच्या तोंडून जे निघालं त्याला पट्टी अशी काही नव्हतीच. सूर वर जायचा तिथे तो खाली गेला, खाली यायचा तिथे भलतीकडेच. सभागृहात हास्याचा नुसता लोट उठला. पाहुण्यांच्या मदतीला बसलेली मंडळी खुर्च्यांवरून घसरली, पाहुणा पोट धरून खाली बसला. मीही हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तो माणूस मात्र गातच होता. धृपद, अंतरा, परत धृपद, शेवटचा लांबवलेला सूरसुद्धा त्यानं सोडला नाही. मावशी हसली नाही. गाणं संपल्यावर टॅब माझ्या हातात देत म्हणाली, “पूर्ण म्हणू दिलं की गं त्याला.” आणि कूस बदलून झोपली.

ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

मावशीच्या शाळेतली एक गोष्ट आमच्या घरात विनोद म्हणून सांगितली जाते. गॅदरिंगचं समूहगीत बसत होतं. कुठेतरी एक आवाज सगळ्यांना खाली ओढत होता, पण कुठला ते सापडत नव्हतं. मग बाई गाणं चालू ठेवून मुलींच्या रांगेतून फिरल्या, एकेकीच्या तोंडापाशी कान नेत. मावशीपाशी आल्या आणि थांबल्या. ओरडल्या वगैरे नाहीत. हळूच, इतर मुलींना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, “तू नुसते ओठ हलव हं.” काढून टाकलं असतं तर रांगेतली जोडी बिघडली असती, म्हणून ठेवलं. मावशीनं मग ओठ हलवले. सगळ्या तालमींत हलवले, कार्यक्रमाच्या दिवशी हलवले, आणि इतके मन लावून हलवले की प्रेक्षकांत बसलेली माझी आजी घरी आल्यावर म्हणाली, “सगळ्यांत तुझाच आवाज गोड येत होता.” गोष्ट घरात सांगितली जाते ती इथे संपते. इथे सगळे हसतात. मावशीही हसते, कारण गेली कित्येक वर्षं ती स्वतःच ही गोष्ट सांगते, शेवटच्या वाक्याला आजीचा सूर काढून. त्यानंतर ती कधी गायली नाही, हा भाग गोष्टीत नाही. आरतीला ती टाळ वाजवते. वाढदिवसाला टाळ्या. अंताक्षरीत तिला गाण्याच्या ओळी सगळ्यांच्या आधी आठवतात आणि ती त्या बोलून दाखवते, म्हणायचं काम शेजारच्याकडे.

तर अशी ही बाई त्या कोरियन खेळात बेसुरांना जवळजवळ न चुकता पकडते. पडद्यावर पाहुणा आणि त्याच्या मदतीला बसलेली सात-आठ मंडळी तर्क लढवत असतात. हिचे कपडे गायिकेसारखे आहेत, ह्याची छाती भरदार आहे, ती फारच आत्मविश्वासानं उभी आहे म्हणजे नक्की खोटी. ते चालू असताना मावशी काहीच बोलत नाही. दुसऱ्या फेरीत ती सावरून बसते. या फेरीत प्रत्येकाला ओठ हलवायचे असतात. सुरेल माणसाच्या मागे त्याचाच ध्वनिमुद्रित आवाज लागतो, बेसुराच्या मागे दुसऱ्याच कोणाचा तरी. मावशीचं शास्त्र इथे सुरू होतं. गाणाऱ्याला ओळ यायच्या आधी श्वास लागतो. ओठ हलवणाऱ्याला तो लागतच नाही, म्हणून तो घ्यायचं विसरतो. आणि आठवणीनं घेतलाच तर खांदे उचलून घेतो, सगळ्यांना दिसावा असा. लांबवलेला सूर संपला की गाणाऱ्याच्या मानेवरचा ताण ओसरताना दिसतो, नकली माणसाचं तोंड वेळेवर मिटतं पण मानेत सुटायला काही नसतंच. नक्कल करणारा प्रत्येक शब्द कानामात्रेसकट तोंडात दाखवतो, गाणारा निम्मे शब्द गिळतो. तिचं सगळ्यांत आवडतं लक्षण डोळ्यांचं. “तो बघ, ऐकतोय,” ती म्हणते. “गाणाऱ्याचे डोळे कुठेतरी पुढे असतात. याचे मागे आहेत.” खरंच तसं असतं. ओठ हलवणाऱ्याला पुढचा शब्द कानावर पडेपर्यंत खात्री नसते, आणि ती वाट बघणं एक निमिषभर त्याच्या नजरेत उतरतं. हे तुला कसं कळतं, असं मी एकदा विचारलं तर माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत म्हणाली, “कळायचं काय त्यात?”

गंमत अशी की खऱ्या गायकांची या फेरीत पार दैना उडते. आवाज स्वतःचाच, गाणं घोटून घोटून पाठ, पण आवाज न काढता गायचं कसं हे त्यांना मुळी माहीतच नसतं. ते अवघडतात, उगाच हातवारे करतात, आणि नेमके त्यांनाच खोटे ठरवून बाहेर काढलं जातं. बाहेर पडताना प्रत्येकाला दोन ओळी खऱ्या आवाजात म्हणून दाखवाव्या लागतात. मग तो अवघडलेला मुलगा तार सप्तकातला एखादा सूर असा काही लावतो की पाहुणा डोकं धरून बसतो. हा धक्का बघण्यासाठीच लोक कार्यक्रम बघतात, हे उघड आहे. त्याला वाहिनीच्या संकलनाची साथही भरपूर असते: तोच सूर तीन बाजूंनी, पाहुण्याचा वासलेला जबडा, परत सूर. हे सगळं मला जरा जास्तच होतं, पण मी ते पुढे ढकलत नाही.

गाणं खरोखर गायलं जात असेल तर ते दिसतं, यात मावशीचं एकटीचं डोकं नाही. विल्यम थॉम्प्सन आणि फ्रँक रूसो या संशोधकांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. गायकांनी दोन सूर लागोपाठ गायचे, कधी जवळजवळचे, कधी लांबलांबचे. त्याची चित्रफीत आवाज बंद करून लोकांना दाखवायची आणि दोन सुरांमधलं अंतर किती असेल ते विचारायचं. लोकांना ते बऱ्यापैकी सांगता आलं. उडी मोठी असली की भुवया वर जातात, डोकं हलतं, तोंड जास्त उघडतं. आपल्याकडे मैफलीत पहिल्या रांगेत बसणारे लोक याच्यासाठीच तर धडपडतात. बुवांचा हात हवेत वर जाऊन जिथे थांबतो तिथे सूर दिसतो, आणि मग तो कानालाही आधीपेक्षा जास्त लागलेला वाटतो. मला मात्र जास्त अस्वस्थ करणारा प्रयोग दुसरा आहे. च्या-जुंग त्साय ही स्वतः पियानोवादक. तिनं पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या दहा आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधले अंतिम फेरीतले तीन तीन कलाकार घेतले आणि लोकांना विचारलं, यांतला जिंकला कोण? नुसतं ऐकून लोकांचं उत्तर डोळे मिटून बोट ठेवण्याइतकंच बरोबर यायचं, किंवा त्याहूनही कमी. नुसतं मुकं चित्र काही सेकंद बघून मात्र जवळपास निम्म्या वेळा बरोबर आलं. संगीत शिकलेल्यांचंही तेच झालं. वर विचारलं तर बहुतेक सगळे सांगत होते की निवाडा अर्थातच आवाजावर करायचा असतो. हा निष्कर्ष २०१३ सालचा. म्हणजे त्या स्पर्धांतल्या परीक्षकांच्या खुर्च्यांवरही कोणी तरी बघतच बसलं होतं, आणि आपण ऐकतोय असं त्याला वाटत होतं. माझी आजी त्या मानानं फारच प्रामाणिक म्हणायची.

आपल्या देशातल्या माणसाला खरं तर या खेळाचं एवढं अप्रूप वाटायचं कारण नाही. ओठ एकाचे आणि गळा दुसऱ्याचा, हे बघतच आपण मोठे झालो. आधी असं नव्हतं. संगीत रंगभूमीवर ज्याची भूमिका त्याचाच गळा. बालगंधर्वांनी लुगडं नेसून म्हटलेलं पद त्यांचंच, त्यावरचा ‘वन्स मोअर’ही त्यांनाच. सुरुवातीच्या बोलपटांतही नट-नट्यांना कॅमेऱ्यासमोर स्वतःच गावं लागे. मग १९३५ साली कोलकात्याच्या न्यू थिएटर्समध्ये नितीन बोस यांनी एका चित्रपटासाठी गाणी आधी ध्वनिमुद्रित केली आणि पडद्यावर ओठ जुळवले, आणि तिथून पुढे चेहरा आणि आवाज यांची कायमची फारकत झाली. पण ज्याचा आवाज त्याचं नाव सांगायला आपण किती वेळ घेतला! १९४९ च्या ‘महल’मधलं ते गाजलेलं गाणं, त्याच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असं छापलेलं होतं. कामिनी म्हणजे पडद्यावर मधुबालेनं केलेली भूमिका. आवाज होता लता मंगेशकरांचा. ज्या आवाजानं पुढे अख्खा देश व्यापला, त्याला तबकडीवर स्वतःचं नावसुद्धा नव्हतं, पात्राचं होतं. फिल्मफेअरनं पार्श्वगायनासाठी पुरस्कार ठेवला तो १९५९ पासून. एकदा नाव द्यायला लागल्यावर मात्र आपण ही व्यवस्था इतकी मनापासून स्वीकारली की त्यात फसवणूक आहे असं कोणाच्या ध्यानीमनी येत नाही. तिकडे ‘मिली व्हॅनिली’ या जोडीचं काय झालं बघा. दोघे देखणे तरुण, जगभर गाजलेले, १९९० साली ग्रॅमी मिळालेले. त्याच वर्षी कळलं की ध्वनिमुद्रिकेवरचे आवाज त्यांचे नाहीतच, आणि ग्रॅमी परत घेतलं गेलं. निर्माता फ्रँक फारियान यानंच तो सगळा घाट घातला होता, पण तोंडं काळी झाली ती ओठ हलवणाऱ्यांची. ते मुंबईत जन्मले असते तर नायक झाले असते, असं मी एकदा गमतीनं म्हटलं होतं. मावशी म्हणाली, “आणि गाणारे?” खरं आहे. ज्यांनी गायलं होतं त्यांच्याबद्दल तेव्हा फार थोड्यांनी विचारलं.

कोरियन कार्यक्रमाकडे परत येते. तो ‘एमनेट’ वाहिनीवर फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाला आणि तिथून थायलंडपासून अमेरिका-ब्रिटनपर्यंत वीसहून अधिक देशांत पसरला. अमेरिकेत फॉक्सनं तो २०२० मध्ये आणला, बक्षीस एक लाख डॉलरपर्यंत. तिथे ओळखणारा स्पर्धक सामान्य माणूस असतो आणि सगळा खेळ पैशाभोवती फिरतो. मला तो दोन भागांच्या पुढे बघवला नाही. मूळ कार्यक्रमातली वाटणी जास्त मजेशीर आहे. शेवटी उरलेला माणूस सुरेल निघाला तर पाहुण्या गायकाबरोबरचं त्याचं गाणं रीतसर प्रकाशित होतं. बेसूर निघाला तर त्याला पैसे मिळतात, सुरुवातीच्या हंगामात पन्नास लाख वॉन. सुरेलाला गाणं आणि बेसुराला रोकड! हा न्याय कोणी ठरवला कोण जाणे, पण त्यामुळे एक गोष्ट होते. बेसूर माणूस तिथे हरायला आलेला नसतो. त्याला एक काम दिलेलं असतं, चांगला गायक असल्याचं सोंग शेवटपर्यंत वठवायचं, आणि त्यानं तोंड उघडून आपला सूर दाखवला तो क्षण म्हणजे त्याचा विजय असतो. सभागृह हसतं ते निम्मं पाहुण्याच्या फजितीला. इतकी वर्षं गाणाऱ्या, रोज शेकडो आवाज ऐकणाऱ्या माणसाला याच्या चेहऱ्यानं गंडवलं, याला.

निम्मं. उरलेलं निम्मं कशाला, हे मला नीट सांगता येत नाही.

बेसुराला हसण्याचा धंदा दूरचित्रवाणीला नवा नाही. सगळ्या गायनस्पर्धांच्या पहिल्या एकदोन आठवड्यांत तो चालतो. निवडचाचणीला आलेल्या हजारोंमधून मुद्दाम दहा-बारा भयानक आवाज वेचून दाखवायचे, परीक्षकांनी एकमेकांकडे बघायचं, तोंडावर हात धरायचा, आणि दुसऱ्या ओळीला ‘थँक यू’. २००४ साली ‘अमेरिकन आयडॉल’मध्ये विल्यम हंग नावाचा स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी आला होता. त्यालाही मध्येच थांबवलं. मी माझ्याकडून होतं ते सगळं दिलं, मला कसली खंत नाही, असं तो शांतपणे म्हणाला, आणि त्या उत्तरामुळे लोकांना आवडला. पुढे त्याचा अल्बमही निघाला. लोक तो विकत घेताना हसत होते की नाही, हे कोणी कसं सांगावं? त्याच्या साठ वर्षं आधी, २५ ऑक्टोबर १९४४ ला, फ्लॉरेन्स फॉस्टर जेंकिन्स ही शहात्तर वर्षांची बाई न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायली होती. तिला उंच सूर झेपत नव्हते, लय तर साथीदार तिच्या मागे धावत सांभाळत होता. सगळी तिकिटं संपली होती. लोक हसायला आले होते आणि हसलेही, टाळ्याही तुफान वाजवल्या. महिन्याभरानं ती गेली. तिच्या ध्वनिमुद्रिका आजही मिळतात. मी त्यातली एक ऐकली, एकटीच, कानात हेडफोन घालून. पहिलं अर्धं मिनिट हसू आलं. मग आलं नाही. आजूबाजूला कोणी हसणारं नसलं की बेसूर आवाज वेगळाच लागतो. त्यात एखादं माणूस किती जोर लावतंय तेवढंच ऐकू येतं. जबडा किती उघडलाय, श्वास कुठे संपलाय, आणि तरी पुढची ओळ सोडायची नाहीये.

मावशीला ‘सुराचं अंग नाही’ असं घरात सगळे मानतात. मला ते कधी पटलं नाही, कारण तिच्याइतका तिखट कान घरात दुसऱ्या कोणाचा नाही. टीव्हीवर कोणी गात असताना ती भाजी निवडता निवडता “कणसूर लागला” म्हणते आणि दोन सेकंदांनी परीक्षकही तेच म्हणतात. ज्याला सूर कळत नाही त्याला दुसऱ्याचा बेसूर खुपेल कसा? वाचल्यावर लक्षात आलं की हे अगदी नेहमीचं आहे. खरोखरच सुरांमधला फरक न कळणारी माणसं असतात, मॉन्ट्रियलच्या इझाबेल पेरेट्झ यांनी त्यांचा आयुष्यभर अभ्यास केला आहे, पण ती शंभरात जेमतेम दीड. बेसूर गाणारे त्याच्या कितीतरी पट. पीटर फोर्डरेशर आणि स्टीव्हन ब्राउन यांनी २००७ साली दाखवलं की बेसूर गाणाऱ्यांना सुरांमधला फरक इतरांइतकाच कळतो. ऐकू नीट येतं, गळ्याला नेमकी जागा सापडत नाही. कानाकडून गळ्याकडे जाणारी वाट मोडलेली असते म्हणा, किंवा कधी मळलेलीच नसते. आणि जी वाट मळायची ती चालूनच ना? ज्या वयात मुलं बेसूर गात गातच हळूहळू सुरावर येतात, नेमक्या त्याच वयात हिला ओठ हलवायला सांगितलं गेलं. मी हे मोठ्या उत्साहानं तिला वाचून दाखवलं. वाटलं होतं, तिला बरं वाटेल. ती म्हणाली, “म्हणजे बाईंचं चुकलंच म्हणायचं.” थोड्या वेळानं म्हणाली, “पण गाणं चांगलं झालं होतं. पहिला नंबर आला होता आमचा.”

याच जातीचा, पण उलट्या बाजूनं जाणारा आणखी एक कोरियन कार्यक्रम आहे, ‘हिडन सिंगर’. २०१२ च्या डिसेंबरमध्ये ‘जेटीबीसी’वर सुरू झाला. यात नामवंत गायक आणि त्याची हुबेहूब नक्कल करणारे काही जण वेगवेगळ्या दारांआड उभे राहून एकाच गाण्याची एकेक ओळ म्हणतात, आणि प्रेक्षकांनी फक्त ऐकून खरा कोण ते ओळखायचं. इथे डोळ्यांना कामच नाही. तरी लोक फसतात, आणि कधी कधी असे फसतात की खऱ्यालाच खोटा ठरवतात. शिन सुंग-हुनसारखा मोठा गायक इथे आपल्याच आवाजाच्या स्पर्धेत हरून बसला. तसं का होतं ते विचार केल्यावर उमगतं. नक्कल करणाऱ्यानं वीस वर्षांपूर्वीची ध्वनिमुद्रिका घासून घासून गळ्यात बसवलेली असते. खऱ्या गायकाचं वय झालेलं असतं, त्याच गाण्याचे हजार प्रयोग करून त्यानं जागा बदललेल्या असतात, कंटाळाही आलेला असतो. प्रेक्षकांच्या कानात ध्वनिमुद्रिका असते. त्यांना ती ज्याच्या गळ्यात सापडते तो खरा. दार उघडल्यावर तो गायक कसनुसं हसतो, आणि त्याची नक्कल करणारा मुलगा, जो लहानपणापासून त्याच्यावर जीव टाकत आलेला असतो, रडायला लागतो. मला हा कार्यक्रम जास्त हुशार वाटतो. मावशीला तो आवडत नाही. सगळे चांगलेच गातात, त्यात बघायचं काय, असं तिचं म्हणणं.

त्यामुळे आम्ही परत पहिल्याकडे वळतो. अलीकडे मी कोण सुरेल नि कोण बेसूर यापेक्षा शेवटच्या युगुलगीतात पाहुणा काय करतो तेच बघत असते. शेजारचा बेसूर आहे हे पहिल्या ओळीला कळतं. गाणं तिथून अजून तीन मिनिटं उरलेलं असतं. काही पाहुणे माइक खाली ठेवून हसत सुटतात आणि गाणं त्या माणसावर टाकून मोकळे होतात. काही व्यावसायिक असतात. ऐकूच येत नाही असा चेहरा करून आपापल्या ओळी चोख म्हणतात. आणि काही थोडे असे असतात की ते आपला आवाज लहान करतात, समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवतात, त्याच्या ओळीच्या वेळी त्याच्याकडे बघून ओठ हलवतात, तो चढवेल तिकडे आपला सूरही जरा वाकवून बघतात. शिकलेल्या गळ्याला हे फार अवघड, शेजारी सतत पट्टी सुटत असताना आपली न सोडणंच मुळात कठीण, आणि हे तर मुद्दाम सोडणं. मला असे पाहुणे सगळ्यांत दिलदार वाटतात. मोठा माणूस खाली उतरून आला, असं मी मावशीला म्हटलं.

तिला ते मुळीच पटलं नाही. “वाकवू नये त्यानं,” ती म्हणाली. “त्यानं आपलं नीटच गावं, चांगलं मोठ्यानं. त्याचा सूर पक्का असला तर बाजूच्याला धरायला काहीतरी असतं. आमच्यात ती उंच मुलगी होती ना माझ्या डावीकडे, खणखणीत आवाजाची, तिला धरून मी चालले होते. जरा जरा जमतही होतं.” ती उंच मुलगी गोष्टीत कधी आली नव्हती. मी म्हटलं, पण मग बेसुराचं बेसूरपण आणखीच उघडं पडतं की. “पडू दे ना,” मावशी म्हणाली, “पैसे त्यालाच मिळणारेत.” यावर आमचं अजून एकमत नाही. मध्ये एका भागात पाहुण्या गायिकेनं नेमकं मावशी म्हणते तसंच केलं, सगळी ताकद लावून गायली, आणि शेजारचा गडी शेवटच्या धृपदात दोन-तीन सुरांवर अगदी जवळ येऊन गेला. मावशीनं मला कोपरानं ढोसलं. मी म्हटलं, योगायोग. तिनं टॅब घेतला आणि तेवढा भाग मागे नेऊन परत लावला.